एकरानं नेलेली बांधी

आमगावच्या फलाटावर बाबांनी माझ्या ट्रंकेवर तांदळाचं गाठोडं ठेवलं आणि अख्ख्या डब्याला ऐकवलं, "माहा पोरगा नागपूरले इंग्रजी शिकाले जाऊन राहिला!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इंग्रज जाऊन तीन-चार वर्षं झाली होती, बाबांचा इंग्रजीवरचा विश्वास मात्र जायला तयार नव्हता.

तुम्ही भावंडं गावातच राहिलात, तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे धानाची बांधी, बांध घातलेला शेताचा तुकडा, बियाण्यानं मोजतात, पाच कुडव बी लागलं की पाच कुडवाची बांधी. काकांशी वाटणी ठरली, तळ्याखालची बांधी आमच्या वाट्याला आली, तेव्हा कागदावर तिचे एकर हवे होते. पटवाऱ्याकडे नोंद होती, पण बाबांनी मला पत्र लिहवून पाठवलं, "पटवाऱ्याले कायले पुसाचं? तू हायेस ना."

होतो ना! दीडशहाणा! कॉलेजच्या लायब्ररीत जाडजूड कोश उघडून बसलो. एकर म्हणजे मुळात नुसतं शेत, माप वगैरे काही नाही. संस्कृतातला 'अज्र' त्याचाच भाऊबंद. पुढे, बैलजोडी दिवसात नांगरेल तेवढी जमीन. कुणाची बैलजोडी, कुठली माती? म्हणून मुलुखागणिक एकर वेगळा, तो शेवटी कायद्यानं बांधला. कबरस्तानालाही म्हणे 'देवाचा एकर' म्हणतात. हे सगळं मी बाबांना चार पानं भरून कळवलं. त्यांना हवा होता एक आकडा! तो शेवटच्या ओळीत टाकला, बी फेकून पेरतात त्या हिशेबानं. तळ्याखालच्या बांधीत आम्ही रोवणी करतो, रोपं उपटून लावतो, तिला बी निम्मंच लागतं, म्हणजे तेवढ्याच बियाण्यात जमीन दुप्पट, हे घरचा पोर असून विसरलो.

कागदावर आमची बांधी निम्मी झाली, उरेल ते काकांचं. मी लिहिलंय म्हणून बाबांनी अंगठा उठवला. मोजणीदारानं साखळी टाकली तेव्हा धुरा, हद्दीचा बांध, बांधीच्या मधोमध पडला आणि पलीकडचं काकांचं झालं.

पटवाऱ्याला का नाही विचारलं, म्हणून मी आईवरच चिडलो. ती म्हणाली, "तुह्यावर इस्वास ठेवला, थेच चुकलं का?"

आता नागपुरात मी पोरांना इंग्रजी शिकवतो, राशनचा तांदूळ खातो. मागल्या उन्हाळ्यात दावा लावू म्हटलं तर बाबा भडकले, "भावाशी कज्जा कराले शिकवलं का तुले?" आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं!

घर म्हणजे काय विचाराल, तर जिथं माझी चूक सगळ्यांना पाठ आहे आणि जेवायला बसल्यावर कुणी ती काढत नाही. एकदा तरी काढा रे!