मुसफ्फ्याच्या भट्टीतला बेलारूसी कारावाय

बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं तिच्या मुलाच्या लग्नाच्या महिन्यात निघालं, म्हणून मी अबूधाबीला गेले. हे आधीच सांगते, कारण निवृत्त बाई आखातात गेली म्हटलं की लोकांना वाटतं, तिला वाळवंटातला सूर्यास्त बघायचा असेल. सूर्यास्त आमच्या वसईतही होतो, रोज होतो आणि फुकट होतो. मी गेले कारण नवरदेवाच्या बाजूने कोणीतरी वडीलधारं उभं राहायला हवं होतं.

नवरदेव म्हणजे ग्लेन. अबूधाबीत एका हॉटेलात नोकरीला. मुलगी अलेस्या, त्याच हॉटेलात रिसेप्शनवर, मूळची बेलारूसची. फोनवर देशाचं नाव ऐकून मी "रशिया का?" असं विचारलं, तेव्हा ग्लेन घाईघाईने म्हणाला, "मावशी, प्लीज, तिच्यासमोर असं म्हणू नकोस. She will kill you." मला मुलगी तिथेच आवडली.

मुंबईहून विमान तीन-सव्वातीन तासांचं. टुरिस्ट व्हिसा ग्लेननेच काढला होता. जाणाऱ्यांना एक सल्ला: हातातल्या बॅगेत शाल ठेवा. बाहेर भाजून निघालात तरी आतल्या एसीत तुमचं आइस्क्रीम होणार. ग्लेनचा फ्लॅट अल रीम आयलंडवर, इतक्या वरच्या मजल्यावर की लिफ्टमध्ये कान बंद होतात. खाली समुद्र, समोर तशाच काचेच्या इमारती, आणि शेजारी कोण राहतं ते ग्लेनला ठाऊक नाही. वसईत मी हे सांगितलं तर लोक विचारतील, मग भांडता कोणाशी?

पहिली संध्याकाळ ग्लेन आणि अलेस्याबरोबर कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या फरसबंद वाटेवर, चालण्यात गेली. तिथे जरूर जा, मात्र सूर्य कलल्यावर. टपरीवरचा करक चहा दोन दिरहमला, म्हणजे पन्नासेक रुपये. मी मोठ्याने हिशोब केला तसा ग्लेन म्हणाला, "मावशी, कन्व्हर्ट करायचं बंद कर, नाहीतर इथे जगता येणार नाही." चहा मात्र वेलचीचा, दाट, पैसे वसूल.

टपरीजवळच्या बाकावर अलेस्याने मला तिचा खरा उद्योग सांगितला. रिसेप्शन पोटासाठी. उरलेल्या वेळात ती इंटरनेटवर बेलारूसी भाषेतलं एक छोटं मासिक चालवते, आणि सध्या लग्नगीतांचं पुस्तक तयार करत होती. तिच्या आजीच्या गावची गाणी. आजी वारली. आता ती गाणी येणारी घरातली एकच बाई उरली होती, तिची आई हालिना. हालिनाबाई लग्नासाठी आल्या होत्या आणि लग्न होताच परत जाणार होत्या. लहानपणी अलेस्याने आईला आजीबरोबर गाताना ऐकलं होतं. पुढे कधीच नाही. मागायला गेलं की आई म्हणे, बटाट्याच्या शेतातली भाषा ती, तिचं काय करायचंय?

हे वाक्य मला नवं नव्हतं. आमची कादोडी बोली आम्हाला कॉन्व्हेंटात शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून यावी लागे. आत चुकून एक शब्द तोंडातून निसटला तर सिस्टर बाकावर उभं करीत. ज्या फुलांचं आम्ही तोंडही पाहिलं नव्हतं त्यांच्यावरच्या इंग्रजी कविता आम्ही घडाघडा म्हणायचो. इंग्रजी चांगलं झालं, नाकारत नाही. पण बाकावर उभं केल्याचा राग अजून गेलेला नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

लग्न शनिवारी, मुसफ्फ्यातल्या चर्चमध्ये. मुसफ्फा म्हणजे शहराबाहेरची कारखान्यांची वस्ती. गुरुवारी आम्ही सगळ्या मुसफ्फ्याला निघालो, पण चर्चसाठी नव्हे, पावासाठी. बेलारूसी लग्नात कारावाय लागतो, म्हणजे परातीएवढा गोल गोड पाव, वर पिठाचीच पानं, फुलं, पाखरं. तो विकत आणत नाहीत. बायका मिळून मळतात, आणि मळण्यापासून भट्टीत घालेपर्यंत प्रत्येक टप्प्याचं गाणं असतं. गाण्याशिवाय मळला तर तो नुसता पाव. फ्लॅटमधल्या ओव्हनमध्ये परात मावेना, तेव्हा ग्लेनने नाईकवहिनींना गाठलं. या मूळच्या सावंतवाडीच्या. मुसफ्फ्यात त्यांचं मोठं स्वयंपाकघर आहे, तिथून कामगारांच्या कॅम्पांना जेवण जातं.

रीम आयलंडहून मुसफ्फा टॅक्सीने अर्धा तास, पन्नासएक दिरहम. रुपयात सांगत नाही, ग्लेन वाचतो हा ब्लॉग. काचेच्या इमारती संपतात आणि गॅरेजं, वेल्डिंगच्या ठिणग्या, कंपन्यांच्या पांढऱ्या बसेस सुरू होतात. अबूधाबी बघायला जाणाऱ्यांनी इथेही यावं. ते वरचं शहर ज्यांनी बांधलं ती माणसं इथे भेटतात.

टॅक्सीत हालिनाबाई पुढे, मांडीवर पर्स घट्ट धरून. मागे अलेस्या मला सांगत होती आणि मी, या वयात, शाळकरी मुलीसारखी ऐकत होते. त्यांच्याकडे शहरात मान असे तो राज्यकर्त्यांच्या भाषेला, आधी पोलिश, मग रशियन. बेलारूसी म्हणजे अडाण्यांची बोली. झारच्या अमलात तर कित्येक वर्षं या भाषेत छापायला बंदी. मग काही शिकलेली माणसं खेडोपाडी हिंडली. कापणीची, लग्नाची, मयताची गाणी, कोडी, म्हणी त्यांनी म्हाताऱ्यांच्या तोंडून उतरवून घेतल्या. त्यांच्या कवींनी कविता लिहायला घेतल्या तेव्हा चाल घेतली या गाण्यांची आणि शब्द घेतले गोठ्यातले, शेतातले. ते साहित्य बहरलं, मग पुढच्या राजवटीत कित्येक लेखकांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि तरी भाषा पुन्हा वर आली. आजही बरीच पुस्तकं देशाबाहेर छापावी लागतात.

"म्हणजे तुमचं साहित्य स्वयंपाकघरातून आलं," मी म्हणाले.

"आणि स्मशानातून," अलेस्या म्हणाली. "पण स्वयंपाकघर आधी."

मला इतका आनंद झाला की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. आमच्याकडे अशी गाणी सांस्कृतिक कार्यक्रमात लाल लुगडं नेसून म्हणतात, लोक टाळ्या वाजवतात आणि जेवायला जातात. त्यांच्यातून कोणी अख्खं साहित्य उभं करू शकतं, हे मला कोणत्याही शाळेने सांगितलं नव्हतं.

नाईकवहिनींच्या स्वयंपाकघरात दुपारचे डबे रवाना झाले होते. वहिनींनी आमच्यासाठी एक लांब टेबल धुऊन ठेवलं होतं आणि पाव भाजायची भट्टी तापत होती. "यल्ला, चला लवकर, चार वाजता माझी माणसं रात्रीच्या चपात्यांना येतील," त्या म्हणाल्या. "त्याच्या आत तुमचा केक होऊ दे." अलेस्याने लाल नक्षीचं पांढरं कापड अंथरलं, मैदा, अंडी, लोणी मांडलं. मग एका छापील पुस्तकातलं गाणं फोनवर उघडून वाचू लागली. चाल तिला येत नव्हती. सूचना वाचल्यासारखं ते ऐकू येत होतं. हालिनाबाई दाराजवळ खुर्ची घेऊन बसल्या होत्या, टेबलापासून जेवढं दूर बसता येईल तेवढ्या दूर.

अलेस्याने पुन्हा विनवलं. त्यांनी मान हलवली. तिसऱ्यांदा विचारताना पोर रडकुंडीला आली, आणि माझं तोंड सुटलं. हालिनाबाई निवृत्त नर्स, कामापुरतं इंग्रजी येणाऱ्या, त्यामुळे दुभाष्याची गरज नव्हती. मी त्यांना विचारलं, की आपल्याच आईच्या भाषेची एवढी लाज वाटते तर एवढं लांब तिकीट काढून नुसतं दाराशी बसायला आलात का?

त्यांनी पर्स मांडीवर ओढून घेतली. मग हळूहळू, शब्द शोधत बोलल्या.

"भाषेची लाज नाही. मी नवऱ्याला सोडलं. कारावाय सुखी सवाष्णींनी मळायचा, त्यांनीच गायचं. माझा आवाज पिठात गेला तर हिचं लग्न मोडेल. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मला अंगणात बसवलं होतं. आईनेच बसवलं."

अलेस्याच्या हातातला फोन पिठावर पडला. इतकी वर्षं ती समजत होती की आईला खेडवळ बोलीचा तिटकारा आहे. बटाट्याच्या शेताचं कारण हालिनाबाईंनी पुढे केलं होतं, कारण ते सांगायला सोपं होतं.

माझी चूक झाली होती. असं क्वचित होतं. निघताना बहिणीने मलाही बजावलं होतं, विधीच्या वेळी मागे उभी राहा, कोणीतरी सवाष्ण पुढे कर. मी विधवा. मीही तासभर टेबलापासून हात लांब ठेवून उभी होते, आणि सवयीने उभी असल्यामुळे ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मघापासून ज्या लोकसंस्कृतीने मी हरखून गेले होते, तिचंच हेही पोर होतं. गाणी घ्यायची तर हे ओझंही घ्यायचं का? मला भयंकर राग आला, आणि कोणावर काढावा ते कळेना, कारण हालिनाबाईंची आई वारली होती आणि माझी बहीण दवाखान्यात होती.

नियमात बसणारी एकच बाई तिथे होती, नाईकवहिनी. मी त्यांना सगळं मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझा नवरा मस्कतला. जिवंत आहे, एवढं खात्रीने सांगते. सुखाचं विचारू नका."

मी घड्याळ काढलं, हात धुतले आणि कोपरापर्यंत पिठात घातले. हालिनाबाईंना म्हणाले, "माझा मेला, तुम्ही तुमचा सोडला. यात पिठाने काय पाप केलं?"

त्या उठल्या. पर्स खुर्चीवर ठेवली. माझं मळणं पाहून आधी त्यांनी मला कोपराने बाजूला सारलं, आणखी मूठभर मैदा टाकला, आणि लेकीकडे न बघता म्हणाल्या, "फोनवर रेकॉर्डिंग चालू कर."

आवाज जाडसर, खालच्या पट्टीतला. शब्द मला कळले नाहीत, नंतर अलेस्याने सांगितले. पिठाला म्हणतात, छताला टेक, आम्ही छत उचलून धरू. चपात्यांची माणसं लवकर आली आणि दारातच थांबली. एका गाण्याची चार झाली. मग माझ्याकडे बोट करून हालिनाबाई म्हणाल्या, आता तू. यजमान गेल्यापासून मी लग्नात गायले नव्हते. नवरीच्या आंघोळीला विहिरीचं पाणी आणताना आमच्या बायका म्हणतात ते गाणं मी म्हटलं. मधलं एक कडवं आठवेना, तिथे नुसती चाल गुणगुणले. हालिनाबाईंनी टेबलावर ताल धरला.

कारावाय भट्टीतून निघाला तो सोनेरी, उंच, आणि मधोमध बोटभर चिरलेला. चीर म्हणजे अपशकुन, अलेस्याचा चेहरा उतरला. "खलास, झालं ते झालं, वर एक पाखरू बसवा, कोणाला दिसतंय," नाईकवहिनी म्हणाल्या. हालिनाबाई मात्र हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"माझ्या लग्नाचा एकदम गुळगुळीत होता," त्या म्हणाल्या. "एक चीर नव्हती."

पाखरू बसवलं नाही. शनिवारी मिस्सा झाली, फोटो झाले, आणि चिरलेला कारावाय हॉलमध्ये सगळ्यांनी तोडून खाल्ला. चव आपल्या गोड पावासारखी, किंचित लिंबाच्या सालीची. आदल्या रात्री नवरदेवाला तेल लावायच्या वेळीही मी पुढे होते. बहिणीला ते व्हिडिओ कॉलवर दिसलं. ऑपरेशन गुडघ्याचं होतं, तोंडाचं नव्हे, तरी तिने हरकत घेतली नाही.

परत येऊन आता दोन महिने होतील. खजूर संपले. कॉर्निशचे फोटो मी उघडूनही पाहिलेले नाहीत. अधूनमधून भांडी घासताना ते विसरलेलं कडवं शोधते. निम्मं सापडलं आहे.

अलेस्याचं पुस्तक तयार होतंय. हालिनाबाई तिकडून दर रविवारी फोनवर एखादं गाणं सांगतात. गाणी गोळा करणारे प्रत्येक गाण्याखाली गाणारीचं नाव, गाव, वय लिहितात, ती त्यांची रीत. मागच्या आठवड्यात कच्चं पान आलं. हालिनाबाईंच्या नावापुढे त्यांनी स्वतः हट्टाने एक शब्द घालायला लावलाय: घटस्फोटित. म्हणजे पुढे कोणी बाई हे गाणं उघडेल, तेव्हा ते कोणी गायलं हे तिला कळावं.

पुस्तकाच्या शेवटी पाहुणीचं गाणं म्हणून माझंही एक आहे. त्याखाली काय लिहू, असं अलेस्याने विचारलं. मी कळवलं: नाव लिही, गाव लिही, विधवा लिही. वय लिहायचं कारण नाही.