याकोबच्या हातचं पाणी

याकोब पाथर्डीकडच्या माळावरचा. तिकडे लेकराला परातीत उभं करून न्हाऊ घालत आणि परातीतलं पाणी शेळीपुढे ठेवत. शेळीनं तोंड फिरवलं, तर दोष शेळीचा. अशा घरात वाढलेला हा गडी बेचाळीस साली आमच्या कोपरगावात येऊन कानिफनाथ बागाईतदाराच्या उसाला पाणी द्यायला लागला. माळकऱ्याला खाटकाच्या दुकानात बसवावं, तसं झालं.

कामाबरोबर बांधावर खोपट मिळालं. ते त्याला जिवापाड हवं होतं. सासरा योसेफ नगरला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी. त्यानं लग्नानंतर लेक अडवून ठेवली होती. "सोताचं छप्पर दाव, मग कृपाला धाडतो."

पाटाचं पाणी सरीत सोडायचं, सरी टोकापर्यंत भरली की पुढच्या सरीत वळवायचं, एवढंच काम. याकोब मध्यावरच माती ओढून पाणी तोडायचा. ढेकूळ भिजलं की त्याच्या मते उसाचं पोट भरलं.

"याकोबराव, उसाला पानी देताय का तीर्थ?" आम्ही बांधावरून विचारायचो.

"हसा. पानी सांडलं की माजी माय मुस्कटात द्यायची."

उन्हाळ्यात प्रत्येक सरीच्या टोकाचा ऊस वाळला. कानिफनाथनं याकोबला पाटात गळ्याइतक्या पाण्यात बसवलं. "पी. लहानपनी मिळालं न्हाई, त्याचा सूड माज्या उसावर नगं."

खुरपणाऱ्या बायका खुरपी टाकून बघायला आल्या. आम्हीही होतोच. नेमका तेव्हाच योसेफ कृपाला पोचवायला आला. साहेब लढाईवर गेल्यानं त्याचं काम सुटलं होतं.

याकोब वर आला आणि त्यानं धोतराचा सोगा पिळला, तो वाळल्या उसाच्या बुडाशी. हसून हसून बायका खाली बसल्या.

"उद्यापासून येऊ नगं," कानिफनाथ म्हणाला.

योसेफ पुढे झाला. "मालक, मी देतो पानी. गुलाबाला घालून घालून हात सैल झालाय."

फावडं त्याच्याकडे गेलं. फावड्यामागून खोपट गेलं.

"मामा, आन् कृपा?"

"बापाच्या छपराखाली हाय. तू तुजं कर, मग ने."

याकोब कृपाकडे वळला. "चल."

ती पाटात पाय सोडून बसली होती. तिनं खोपटातली घागर पाटात बुडवून डोक्यावरून ओतली, मग पुन्हा भरली.

"कुटं? माळावर?" तिनं विचारलं, आणि तीही ओतली.

याकोब एकटाच निघाला. योसेफ पहिल्या सरीच्या टोकाशी उभा राहून पाण्याची वाट बघत होता.