गळकं छत आणि नाट्यगीतांची कॅसेट

गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचं छत गळायला लागलं, तेव्हा वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पाहायला आले. निवृत्त इंजिनीअर. डोळे बारीक करून त्यांनी ओल्या छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही कुकरची वाफ आहे ताई. एक्झॉस्ट फॅन लावून घ्या."

त्यांच्या बाथरूमचं पाणी माझ्या जेवणाच्या टेबलावर पडत होतं आणि हा माणूस मला वाफ शिकवत होता! सारी नोकरी म्हणे धरणांवर काढली. ती धरणं अजून उभी कशी, याचंच मला नवल वाटलं.

आमच्या ह्यांची आणखी वेगळी तऱ्हा. काहीही बिघडलं की शिडीवर चढायचं आणि पांढरं सिमेंट थापायचं. याही खेपेला थापलं. दोन दिवसांनी तो पोपडा सुटून मळलेल्या कणकेत पडला.

"सिमेंटच भेसळीचं होतं," हे म्हणाले आणि पेपर घेऊन बसले.

भांडायचाही कंटाळा आला होता. मी टेबलावर गळतीखाली पातेलं ठेवलं आणि माळ्यावरून टेपरेकॉर्डर काढला. माहेरहून आणलेली नाट्यगीतांची एक कॅसेट अजून वाजते. आधी खरखर, मग पेटी, मग तो आवाज. लग्नाआधीच्या कितीतरी दुपारी मी त्यावर काढल्यात. खांदे आपोआप सैल झाले.

तेवढ्यात बेल वाजली. वरचेच गृहस्थ.

"आवाज जरा कमी..." म्हणता म्हणता ते थबकले. "ही कॅसेट कुठं मिळाली तुम्हाला? आमच्या घरीही होती ही, लहानपणी."

"बसा ना," मी म्हटलं आणि टेबलावरचं पातेलं हळूच उचललं.

ते खुर्चीत बसले, पुढे वाकून टेबलावर कोपरं टेकली आणि डोळे मिटले. तान रंगात आली आणि थेंब बरोबर टकलावर पडला. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे.

"वाफ," मी म्हटलं.

त्यांनी खुर्ची जरा मागे सरकवली आणि उरलेलं गाणं ऐकून मगच उठले. पुढच्याच आठवड्यात त्यांच्याकडे प्लंबर आला, फरशी फुटली, पाइप बदलला. सोसायटीत मात्र सांगत फिरले, की गळती त्यांनीच शोधून काढली.

आता दर गुरुवारी दुपारी येऊन बसतात. समेची वाट न पाहता भलत्याच जागी "वा!" म्हणतात. सुधारणारा माणूस नव्हे. पण ती गाणी ऐकायला आमच्या घरात दुसरं कोणीच बसत नाही, म्हणून मी चहा टाकते.