ओल लागली नव्हती

सतरा वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, एका डब्यात जेवलेल्या सोबत्यांनाही नाही. गेल्या सोमवारी पहिल्यांदा तोंडून निघालं — आणि एकदा निघाल्यावर आता लिहायला हात अडत नाही. तेव्हा तुम्हीही ऐका.

मी घाटंजीजवळच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये इलेक्ट्रिशियन होतो. कापसाची ती वाईट वर्षं. भाव पडलेले, आणि आमच्या आवारात खरेदी सुरू असली की गेटपासून पार डांबरी रस्त्यापर्यंत बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे. सरकी निघालेली रुई गठाणीत बांधणारा प्रेस जुना होता, परदेशात कुणीतरी वापरून टाकलेला. त्याच्या पॅनलमध्ये तळहाताएवढं एक कार्ड असे. जिनिंगकडचं पॅनल काय म्हणतं ते प्रेसच्या पॅनलला कळवायचं, एवढंच त्याचं काम. पण ते गेलं की दोन्ही पॅनल ठणठणीत असूनही एकमेकांशी बोलत नसत, आणि अख्खा प्लांट ठप्प.

कंपनीनं ती कार्डं बनवणं कधीच बंद केलं होतं. मग जादा कार्ड आणायचं कुठून? मी पत्रं लिहिली, फोन केले, नागपूरचा भंगार बाजार पालथा घातला. शेवटी अकोल्याकडच्या एका बंद सूतगिरणीत, धुळीनं भरलेल्या पॅनलमध्ये मला तसंच्या तसं कार्ड मिळालं. चंदेरी पिशवीत गुंडाळून, मांडीवर ठेवून मी ते एस.टी.नं आणलं. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मला ते फार आवडलं — हे आधी सांगून ठेवतो.

कार्ड ठेवलं स्टोअरमध्ये, सुखदेवभाऊंच्या ताब्यात. सुखदेवभाऊ माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, राळेगावकडच्या एका खेड्यातले. पॅनलरूम आणि स्टोअर दोन्ही तेच पाहत. टेबल इतकं स्वच्छ, की साहेब आपले पाहुणे आधी तिथंच आणत. मी त्यांना बजावलं होतं, "भाऊ, ही पिशवी उघडायची नाही, कार्डाला ओल लागते."

भर हंगामात, जानेवारीत, प्रेसमधलं कार्ड गेलं. सकाळचे दहा वाजले असतील. मी जादा कार्ड मागवलं. सुखदेवभाऊंनी ते दोन्ही हातांनी आणून दिलं, स्टीलच्या डब्यातून.

आता बघा — कार्ड बसवण्याआधी पॅनलची वीज बंद करायची असते. हे मला माहीत नव्हतं का? होतं. दुसऱ्यांना मीच शिकवत असे. पण वीज बंद केली की सगळं पुन्हा उभं करायला तास-दीड तास जायचा. साहेब मागे उभे होते, बाहेर ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत होते. आणि कंपनीच्या इंजिनियरला मी एकदा चालू विजेवर कार्ड बदलताना पाहिलं होतं. मला वाटलं, तो करतो तर मी का नाही?

कार्ड जरा तिरपं गेलं. चट्‌ असा आवाज झाला. अगदी बारीक. बाहेरच्या ट्रॅक्टरांच्या घरघरीत तो फक्त मलाच ऐकू आला. मग जळका वास — तो मी अंगानं अडवून धरला, असं म्हटलं तर हसाल, पण मी खरोखरच पॅनलच्या दारात आडवा उभा राहिलो.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

मी कार्ड बाहेर काढलं, उलटंपालटं केलं आणि म्हणालो, "साहेब, ओल लागलेली दिसते."

एवढंच. चार शब्द. नाव कुणाचं घेतलं नाही. पण स्टोअर कुणाकडे होतं ते साऱ्यांना माहीत होतं, आणि मलाही.

पुढचं सुखदेवभाऊंनी स्वतःच केलं. ते पुढे आले आणि म्हणाले, "साहेब, उंदरानं पिशवी कुरतडली होती. म्हणून म्या ते काढून डब्यात ठेवलं. प्रकाशनं उघडू नको म्हटलं होतं, तरी म्या उघडली." खरं बोलले. त्यांना काय ठाऊक, की कुरतडलेल्या पिशवीपेक्षा झाकणाच्या डब्यात ते कार्ड उलट जास्त सुखरूप होतं? ते मला ठाऊक होतं. मी कार्डाकडे पाहत राहिलो.

प्लांट नऊ दिवस बंद राहिला. आवारात कापूस ठेवायला जागा उरली नाही, म्हणून खरेदी थांबली. दोन-दोन रात्री गाडीखाली झोपलेली माणसं कापूस घेऊन परत गेली. त्यांत सुखदेवभाऊंच्या गावच्या गाड्याही होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवून एकजण ओरडला, "या सुखदेवनंच बंद पाडलं जिनिंग!" ते मान खाली घालून उभे होते. मी दहा पावलांवर होतो.

दुसरं कार्ड मीच शोधलं, गुजरातेतल्या एका जुना माल विकणाऱ्याकडे. या वेळी वीज बंद करून बसवलं. सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली मला शाल-श्रीफळ मिळालं. सुखदेवभाऊंनी टाळ्या वाजवल्या. तोवर त्यांची पॅनलरूम गेली होती. रुईच्या धुळीत, जिनिंगहॉलमध्ये त्यांना टाकलं होतं. तीन हंगाम त्यांनी ते केलं, खोकत. मग गावी निघून गेले.

भीती नोकरीची होती का? नाही. मला कुणी काढलं नसतं. ती कार्डं शोधणारा दुसरा नव्हता. पाठीवरची ती थाप जाईल, एवढीच भीती होती.

गेल्या सोमवारी मी त्यांच्या गावी गेलो. अंगणात खाटेवर बसले होते, बरेच वाळले आहेत. मी टेकलोही नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं — वीज, तिरपं कार्ड, चट्‌ आवाज. मला वाटलं होतं, यांना तेव्हाच कळलं असेल, मनात शिव्या देत असतील. पण ते माझ्याकडे पाहतच राहिले.

"म्हंजे मी नव्हतो?"

"नाही, भाऊ."

"म्या डब्यात ठेवलं, त्यानं नाही गेलं?"

"नाही. त्यानं ते वाचलं होतं."

सतरा वर्षं या माणसानं माझं खोटं खरं मानलं होतं. माझ्याहून जास्त. ते ताडकन उठले आणि घरात तोंड करून ओरडले, "अवं, बाहीर ये! आयकलं काय? मी नव्हतो!" वहिनी पिठाच्या हातानं बाहेर आल्या. भाऊ मला म्हणाले, "हिलेबी सांग. पहिल्यापासून." मी पुन्हा सांगितलं. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. भाऊ मात्र अंगणात येरझाऱ्या घालू लागले, ताठ मानेनं. मग थांबून म्हणाले, "तवा साऱ्या गावानं आयकलं होतं. आता तू कोणाकोणाले सांगशीन?"

त्यांनी मला बस म्हटलं नाही, चहा विचारला नाही. बरोबरच केलं. परत येताना राळेगावच्या स्टँडवर मला कडकडून भूक लागली, आणि बाकावर बसून मी पोटभर जेवलो. छातीवरून काहीतरी उतरलं होतं. लाज तशीच होती, पण श्वास पुरा जात होता.

कुणाकुणाला सांगू, म्हणून हे लिहिलं. त्या हंगामात ज्यांच्या गाड्या गेटवरून परत गेल्या, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर — प्लांट सुखदेवभाऊंनी बंद पाडला नव्हता. मी पाडला. माझं नाव प्रकाश. मी अजून घाटंजीतच राहतो.