पाहुण्यांसाठी पुसलेलं यंत्र

गठ्ठाताई लोकांच्या नजरेत पहिल्यांदा भरली ती कचरा निवडायच्या शेडचं उद्घाटन झालं त्या दिवशी. गठ्ठे दाबायचं यंत्र कंपनीने दिलं होतं, जागा नगरपालिकेने, आणि बायका संस्थेने जमवल्या होत्या. तिन्हीकडचे साहेब फोटोसाठी यंत्राला टेकले, तशी ही मागून ओरडली, "कोट सांभाळा साहेब, नाहीतर तुमचाच गठ्ठा व्हायचा!" सगळे हसले आणि तिला ते नाव चिकटलं.

त्याआधीचं तिचं आयुष्य कचरा डेपोवर धूर गिळण्यात गेलं होतं. इथे डोक्यावर पत्रा होता, नळ होता, आतून कडी लागणारा संडास होता. याहून जास्त तिने कधी मागितलं नाही.

मग यंत्रातून तेल गळू लागलं आणि एक दिवस ते बंदच पडलं. गठ्ठे बांधल्याशिवाय माल कोणी उचलेना. कंपनी म्हणाली, यंत्र आता पालिकेचं. पालिका म्हणाली, चालवते तर संस्था. संस्थेने कंपनीकडे बोट दाखवलं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात; इथे तर घरं तीन होती.

अशात कळलं, तिघांची माणसं पाहणीला येणार.

"आता दाखवतेच सगळं," ती म्हणाली.

तिची थोरली जाऊ तिथेच कामाला होती. ती कडाडली, "पाहुण्यांना काय घाण दाखवायची? आधी मान राखू, मग मागू. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

दोघींनी ढीग भिंतीआड ढकलले, तेल पुसलं, यंत्र लख्ख केलं.

पाहुण्या बाईंनी विचारलं, "इथे आल्यापासून काय बदललं हो?"

तिने पत्र्याचं, नळाचं, संडासाचं सांगितलं. सांगता सांगता तिला रडू फुटलं. बाईही गहिवरल्या.

"जाऊबाई, यंत्राचं काढू का?"

"अगं, चहा तरी पिऊ दे त्यांना!"

चहा संपला आणि गाड्या निघाल्यासुद्धा. ती मागे धावली. "साहेब, यंत्र!"

"छान ठेवलंय हो!" आतून उत्तर आलं आणि काच वर गेली.

बायका स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या, आता मदतीची गरज नाही, असं तिघांनी एकमताने ठरवलं. यंत्र बंदच राहिलं, माल पडून राहिला आणि शेवटी शेडला कुलूप लागलं. ती तिन्ही दारांशी गेली. शेवटच्या दारी कारकून म्हणाला, "अहो बाई, तुम्हीच रडून सांगितलंत ना, सगळं चांगलं झालं म्हणून?"

ती तिथेच पायरीवर बसली.

हल्ली ती पुन्हा डेपोवर वेचायला जाते. जाऊही जाते, पण दुसऱ्या टोकाला.