पैलवानाचं आवतन

आमच्या घरी कुत्रा आला तो रानडुकरांमुळे. आर्णीजवळ आमचं सोयाबीन-तुरीचं शेत आहे आणि त्यावर आपला आमच्याइतकाच हक्क आहे, असं तिथल्या डुकरांचं ठाम मत आहे. मी शेताभोवती साड्यांचं कुंपण केलं (बायकोच्या जुन्या साड्यांचं, 'जुन्या' कोणत्या, यावर आमचं एकमत नव्हतं). मग बॅटरीवरचा भोंगा लावला. डुकरं भोंगा ऐकत ऐकत निवांत जेवून गेली.

गावाला या गोष्टीचा फार आनंद होता, कारण बाजारात माझं कृषी केंद्र आहे. लोक खिशातून कपाशीचं रोगट पान काढून माझ्या काउंटरवर ठेवतात. मी ते उजेडात धरतो, डोळे बारीक करतो आणि औषध सांगतो. अशा जाणकार माणसाला स्वतःच्या शेतातली डुकरं आवरत नाहीत, हे ऐकायला कोणाला आवडणार नाही?

शेवटी मी रहीमभाईंना गाठलं. त्यांचं मोटारसायकलचं गॅरेज माझ्या दुकानाला लागूनच आहे आणि मागच्या जुन्या टायरांमध्ये एका कुत्रीने पिल्लं दिली होती.

"लय खतरनाक खानदान हाय, दिलीपभाऊ," रहीमभाई म्हणाले. "याच्या मायनं माह्या गिऱ्हाइकाले फाडलं."

"चावली?"

"पँट फाडली. पन भरबाजारात इज्जत गेली ना त्याची."

मी त्यातलं सगळ्यात शांत पिल्लू निवडलं. शांत प्राणी आतून भयंकर असतात, असा माझा समज होता. बरगड्या मोजता येतील इतकं ते हडकुळं होतं, म्हणून मोठ्या आशेने मी त्याचं नाव पैलवान ठेवलं.

आईने आम्हा दोघांना उंबऱ्यातच अडवलं.

"हे कुत्रं घरात येनार नाई."

"शेतात ठेवाचं हाय, आई."

"मंग शेतात ने. माह्या तुळशीपाशी कायले आनलं?"

जनावर म्हणजे बैल, असा आईचा हिशेब. मी बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेतला तेव्हापासून ती माझ्यावर जरा रागावलेलीच होती. "बैल इकले अन् कुत्रं आनलं," ती तुळशीला म्हणाली. "लय शाना निघाला माहा पोरगा."

त्याच संध्याकाळी मी पैलवानाला ड्यूटीवर नेलं. बांधापलीकडे एक डुक्कर नुसतं खाकरलं. पैलवान माझ्या दोन पायांच्या मध्ये शिरला. खरं सांगायचं तर मीही त्याच्या दोन पायांच्या मध्ये शिरलो असतो, पण जागा नव्हती. आम्ही दोघं एकमेकांना धीर देत घरी आलो आणि पैलवानाची नेमणूक कायमची अंगणात झाली. तिथे तो शेजारच्या कोंबडीला घाबरून असे. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. कोणीही त्याच्या ताटलीतली भाकर उचलून नेली तरी तो शेपटी हलवून निरोप देई. आई त्याला रोज ताजी भाकर टाकायची आणि वर सांगायची की ती उरलेली होती.

पोळा जवळ आला आणि पैलवानाने खाणं सोडलं. मी त्याला उजेडात धरलं. डोळे बारीक केले. कान लोंबलेले, मान टाकलेली.

"मर रोगासारखं वाटते," मी म्हणालो.

"अवो, कुत्रं हाय ते," माझी बायको सुनंदा म्हणाली. "तूर नोहे."

दुपारी त्याला उलट्या सुरू झाल्या आणि शौचावाटे रक्त पडलं, तेव्हा माझं सगळं ज्ञान संपलं. मी घाबरलो. इतका घाबरलो की मला स्कूटरची चावी सापडेना, आणि ती स्कूटरलाच होती. सुनंदाने त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

पोळ्याच्या तोंडावर तिथे बैलांची रांग होती. एवढाल्या खोंडांच्या मागे टॉवेलातलं हे एवढंसं पिल्लू पाहून काही लोक हसले. डॉक्टरांनी मात्र पाहताक्षणी बाकीचं काम थांबवलं. "पार्वो आहे," ते म्हणाले. "पिल्लांना फार वाईट. रोज सलाईनला आणा. वाचेल असं मी आत्ता सांगू शकत नाही."

त्यांनी औषध लिहून दिलं. मी चिठ्ठी हातात घेतली आणि सवयीने विचारलं, "पंपाले किती टाकू?"

(फवारणीच्या एका पंपात किती औषध टाकायचं, हा प्रश्न मला दिवसभर लोक विचारतात. तोंडात बसला आहे.)

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग चिठ्ठी माझ्या हातातून काढून सुनंदाच्या हातात दिली. तेव्हापासून आमच्या घरातला औषधांचा कारभार तिच्याकडे आहे.

मग रोजच्या चकरा सुरू झाल्या. आता माझ्या दुकानात उलटा धंदा चालू झाला. गिऱ्हाईक यायचं, पान खिशातच ठेवायचं आणि मलाच सल्ला द्यायचं. कोणी म्हणे ताक पाजा, कोणी म्हणे अंगारा लावा, एकाने तर कुत्र्याचं नाव बदला म्हणून सांगितलं, नाव पेलवत नाही त्याला. मी सगळ्यांना हो म्हणत होतो. दुकानात लक्षच लागत नव्हतं. जे कुत्रं एक डुक्कर हाकलू शकत नाही त्याच्यासाठी आपला जीव का तुटावा, हे मला कळत नव्हतं, पण तुटत होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "उलट्या थांबल्या. औषधाने होण्यासारखं होतं ते झालं. आता त्याने आपणहून खाल्लं पाहिजे. पातळ पेज द्या. उद्या संध्याकाळपर्यंत तोंड लावलं नाही, तर कठीण आहे."

पैलवानाने पेज पाहिली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. सुनंदाने चमच्याने लावली, ती बाहेर आली. मी त्याला विनवलं, रागावलो, शेवटी डुकराचा आवाज काढून पाहिला. त्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

त्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून दुखलेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं बैलांना आवतन द्यायचं. बैल विकल्यापासून आई हे सगळं देवघरातल्या मातीच्या बैलांपुढे उरकत असे, माझ्याकडे न पाहता. त्या दिवशी ती वाटी घेऊन देवघरापाशी गेली, जराशी थांबली, आणि वळून सरळ पोत्यावर निजलेल्या पैलवानाजवळ येऊन बसली.

ज्या खांद्यांनी जन्मात कधी काही ओढलं नव्हतं, त्यांना तिने हळूहळू लोणी-हळद चोळली. मग हात जोडून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी पाहतच राहिलो.

"दिलप्या, हात जोड."

"आई, कुत्र्याले?"

"आता पाहुना हाय तो. जोड हात."

मी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरात पुरण शिजत होतं. पुरणपोळी ही माझी कमजोरी आहे हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. पण आईने कायदा सांगितला: पोळ्याला बैल जेवल्याशिवाय घरचे जेवत नाहीत. आवतन ज्याला दिलं तो जेवल्याशिवाय कोणी घासाला हात लावायचा नाही.

"डॉक्टरनं नुसती पेज सांगितली हाय," सुनंदा म्हणाली.

"पोळ्याच्या पाहुन्याले नुसती पेज वाढू? लोक काय म्हनतीन?"

तडजोड अशी झाली की ताटात पेज, आणि मान म्हणून काठाशी पुरणपोळीचा एक तुकडा, नुसता दाखवायला. पाहुण्याने ताट हुंगलं आणि मान टाकली. दुपार झाली. पेज बदलली. मान पुन्हा पडली. गावात बैल तोरणाखाली जमल्याची वाजंत्री ऐकू येत होती आणि आम्ही तिघं उपाशीपोटी एका कुत्र्याभोवती बसलो होतो. संध्याकाळ होत आली. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी होतं.

एकदम ती म्हणाली, "लहान लेकराले आपन खाऊन दाखवतो ना? तसं दाखवा त्याले."

"मी?"

"मंग काय डॉक्टरले बलावू?"

मी गुडघे टेकले, हात टेकले, आणि पैलवानाच्या समोर ताटावर वाकलो. ठरलं होतं नुसतं नाटक. पण दिवसभराची भूक आणि नाकाखाली पुरणपोळी! अभिनय फार वेळ टिकला नाही. मी तो मानाचा तुकडा तोंडाने उचलला आणि डोळे मिटून चावू लागलो.

तेवढ्यात घुंगरं वाजली. डोळे उघडले तर दारात शिंगं रंगवलेली बैलजोडी, आणि कासरा धरून माझं जुनं गिऱ्हाईक नामदेवभाऊ. पोळा फुटला की बैल घरोघरी पूजेला नेतात, हे मी साफ विसरलो होतो. दोन्ही बैल आणि नामदेवभाऊ, तिघंही माझ्याकडे सारख्याच नजरेने पाहत होते.

"भाऊ," नामदेवभाऊ चाचरत म्हणाले, "तब्येत बरी हाय ना?"

माझं तोंड भरलेलं. उत्तर आईने दिलं. "जरा थांब, नामदेव. जेवाचं चालू हाय."

"कोनाचं? कुत्र्याचं का भाऊचं?"

"गुर्रर्र!"

आम्ही सगळ्यांनी आधी बैलांकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. पैलवान उभा होता. चारही पाय लटपटत होते, खांद्याला हळद होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचे दात दिसत होते. ते माझ्यावर रोखलेले होते. एक पाय ताटात ठेवून तो पुन्हा गुरगुरला. मी तसाच, चार पायांवर, मागे मागे सरकत गेलो तो थेट बैलाच्या खुरांपाशी थांबलो.

आणि पैलवान जेवला. लप लप करत त्याने सगळी पेज संपवली, ताट चाटलं, मध्येच माझ्याकडे पाहून एकदा गुरगुरला आणि पुन्हा चाटायला लागला.

"जेवला गं बाई, पाहुना जेवला!" आई ओरडली आणि सुनंदाच्या गळ्यात पडली. मी रडत होतो आणि पुरणपोळी गिळत होतो, दोन्ही एकदम. आईने बैलांना ओवाळलं, त्यांना पोळी भरवली, नामदेवभाऊंना बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, दिला, आणि त्यांनी काही विचारायच्या आत आनंदाने आणखी एकदा दिला.

डॉक्टरांनी सकाळी पैलवानाला तपासलं आणि आता काळजी नाही म्हणाले. तोवर नामदेवभाऊंनी अख्ख्या बाजाराला सांगितलं होतं की कृषी केंद्रवाला भाऊ कुत्र्याच्या ताटात जेवते. त्या हप्त्यात माझ्या दुकानात कधी नव्हे इतकी गर्दी झाली, आणि कोणाच्याही खिशात पान नव्हतं.

आता पैलवान नावाला शोभेल असा झाला आहे. कोंबडीला अजून घाबरतो. खांदेमळणीला आई दरवर्षी त्याला आवतन देते, आणि जेवून होईपर्यंत तो मला ताटाच्या आसपास फिरकू देत नाही. शेतात डुकरं येतातच.

परवा एका गिऱ्हाइकाने काउंटरवर विचारलं, "भाऊ, डुकरायसाठी कुत्रं पोसावं का? तुमच्या पैलवानानं एखांदं तरी हुसकलं का आजवर?"

मी सवयीप्रमाणे डोळे बारीक केले.

"एक हुसकलं," मी म्हणालो. "पोळ्याच्या दिवशी. लय मोठं होतं, आयत्या ताटात तोंड घालून बसलं होतं."