‘गोळ्या घेतल्या नाहीत’

आमच्या दवाखान्यातले एक्स-रेचे डॉक्टर हुशार होते, हे मला आजही नाइलाजानं म्हणावं लागतं. माणूस म्हणून मला ते कधी आवडले नाहीत आणि पुढे तर त्यांच्याशी माझं उघड वैरच झालं.

चिंचवडला मी एक्स-रे काढायचं काम करायची. सोनोग्राफी तेव्हा आमच्यापर्यंत पोचली नव्हती. पित्ताशयात खडे आहेत का ते बघायचं तर पेशंटला आदल्या संध्याकाळी तूप-तेल नसलेलं जेवण सांगायचं आणि मग पाच-पाच मिनिटांनी एकेक करून सहा गोळ्या. त्यातलं औषध यकृतातून पित्तात उतरायचं आणि सकाळच्या फोटोत पित्ताशय पांढरं दिसायचं. खडे असले तर त्या पांढऱ्यात काळी भोकं दिसायची.

जुन्या गोळ्यांनी लोकांना जुलाब व्हायचे. न विरघळलेलं औषध आतड्यात पांढरं दिसायचं आणि नेमकं पित्ताशयावर येऊन बसायचं. एका कंपनीनं नव्या कॅप्सूल आणून दिल्या, तेव्हा डॉक्टरांनी दोन्हींची तुलना करायचं ठरवलं. त्यावर त्यांना डॉक्टरांच्या परिषदेत निबंध वाचायचा होता. एका पेशंटला जुनी गोळी, पुढच्याला नवी कॅप्सूल, आणि कुणाचा फोटो कसा आला हे मी वहीत लिहायचं. मला ते काम आवडलं होतं. कॅप्सूल खरंच चांगल्या होत्या. पोट कमी बिघडायचं, फोटो स्वच्छ यायचा.

पण कधीकधी कॅप्सूल देऊनही पित्ताशय दिसायचंच नाही. तसं झालं की डॉक्टर फोटोकडे एकदा बघायचे आणि म्हणायचे, “लिहा, गोळ्या घेतल्या नाहीत.” मग तो पेशंट तुलनेतून बाद. जुन्या गोळ्यांवर फोटो आला नाही तर मात्र ते गोळ्यांचं अपयश म्हणून मोजलं जायचं. असं मी चार वेळा लिहिलं. चारही वेळा मला ते खरंच वाटलं, कारण खेड्यातली माणसं औषध फेकून देतात असं आम्ही दवाखान्यातले सगळेच म्हणायचो.

पाचवी महाळुंग्याची होती. तिशीची बाई. नवरा पिंपरीत कंपनीत होता आणि घरची शेती ही आणि सासू बघायच्या. जेवलं की उजव्या बरगडीखाली कळ यायची. तिच्या फोटोत काहीच दिसलं नाही, तेव्हा मी तिच्यावर खेकसले, “खरं सांग. घेतल्यास का फेकल्यास?”

“घेतल्या की.”

“म्या सोता तिच्या हातावर ठेवल्या,” सासू म्हणाली. “आमच्यात घड्याळ न्हाई, म्हून शेजारचं मागून आनलं व्हतं. आमी खोटं कशाला बोलू?”

डॉक्टरांनी मानही वर केली नाही. “यांना सांगून उपयोग नाही. लिहा.”

मी लिहिलं. पण त्या सासूच्या बोलण्याचा मला राग आला होता. मला तिला खोटं पाडायचं होतं. म्हणून मी दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांना सांगून सुनेला वॉर्डात ठेवून घेतलं आणि संध्याकाळी कॅप्सूल माझ्यासमोर घ्यायला लावल्या. प्रत्येक कॅप्सूल गिळली की मी म्हणायची, “आ कर. जीभ वर कर.” सहा वेळा तिनं तोंड उघडलं आणि सहा वेळा मी आत डोकावले. सासू दाराशी उभी राहून बघत होती.

सकाळी फोटो काढला. पुन्हा पित्ताशय नाही. पण खाली आतड्यात औषधाचे पांढरे ठिपके स्पष्ट दिसत होते. मी कालचा फोटो काढून त्याच्याशेजारी लावला. त्यातही ठिपके होते. काल मी नीट बघितलंच नव्हतं.

डॉक्टर आले. “लिहा,” म्हणाले.

“सर, माझ्यासमोर घेतल्यात.”

“मग ओकली असेल.”

“सिस्टरांना विचारलंय, उलटी झालेली नाही. आणि हे औषध आतड्यात दिसतंय. तुम्हीच शिकवलंत मला, दोनदा औषध देऊनही दिसलं नाही तर पित्ताशयच आजारी असतं.”

“बाई, तुम्ही डॉक्टर आहात का?”

“नाही. पण मला दिसतं.”

त्यांनी वही ओढली, स्वतःच्या हातानं ‘गोळ्या घेतल्या नाहीत’ असं लिहिलं आणि निघून गेले. मी त्याखाली लिहिलं, ‘माझ्यासमोर घेतल्या. उलटी नाही.’ आणि सही केली. मग दोन्ही फोटो घेऊन सर्जनकडे गेले. त्यांनी ते दिव्याला धरून बघितले आणि एवढंच विचारलं, “ही कुठेय?”

ऑपरेशनमध्ये तिच्या पित्ताशयाच्या तोंडाशी खडा अडकलेला निघाला. औषध आत शिरायला वाटच नव्हती.

टाके काढायच्या दिवशी मी तिला भेटायला वॉर्डात गेले. मला वाटलं होतं ती आभार मानेल. माझ्यामुळेच तर ऑपरेशन झालं होतं. ती उशीला टेकून बसली होती.

“आता बरं हाय,” सासू म्हणाली.

सून म्हणाली, “बाई, बैल घेताना दात बघत्यात तसं तुमी माजं तोंड बघितलं. आत्त्याबाईंच्या म्होरं. त्ये मी इसरनार न्हाई.”

“मला वाटलं—”

“काय वाटलं त्ये ठाव हाय मला.” आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

मी माफी मागितली नाही. मागायला हवी होती. उलट मीही चिडून बाहेर आले आणि दिवसभर मनातल्या मनात तिच्याशी भांडत राहिले. तिचं बरोबर होतं हे कबूल करायला मला पुष्कळ वर्षं लागली.

त्या आठवड्यात आधीच्या चौघांचे पत्ते शोधून मी पोस्टकार्डं टाकली. दोघे आले. दोघांनाही खडे होते. उरलेल्या दोघांचं काय झालं, मला माहीत नाही. त्यातला एक चिखलीचा होता. रविवारी मी त्याच्या घरी गेले, तर तो माणूस तिथून खोली सोडून गेला होता.

डॉक्टरांनी निबंध वाचला. त्यात हे पाचही पेशंट नव्हते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं कुणीतरी मला मुद्दाम येऊन सांगितलं. पुढच्या महिन्यात माझी बदली छातीच्या फोटोंवर झाली. कामगारांची रांग, श्वास घ्या, धरा, सोडा. मी कारण विचारायला गेले तेव्हा ते म्हणाले, “तुम्हाला लिहायची फार आवड आहे. तिथं लिहायचं काम नाही.”

“सर, तुम्ही पाच माणसांना खोटं पाडलंत.”

“तुमच्याच अक्षरात आहे ते,” ते म्हणाले.

ते खरं होतं, आणि म्हणूनच माझा त्यांच्यावरचा राग कधी गेला नाही. त्यानंतर एकाच जिन्यानं आम्ही कितीतरी वर्षं चढलो-उतरलो, पण कामापलीकडे एक शब्द बोललो नाही. पुढे सोनोग्राफीचं मशीन आलं आणि जुनी गोळी, नवी कॅप्सूल दोन्ही बंद झाल्या. ते निवृत्त झाले तेव्हा सगळा दवाखाना निरोपाला गेला. मी सुट्टीचा अर्ज टाकला आणि रहाटणीला घरी दुपारभर झोपले.